निरोप धुणारा आश्रुबा

शेंदरवाडीचा आश्रुबा भित्रा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही त्याला वीर-बीर समजून हार घालायला निघायला नको. कुत्रं भुंकलं तरी हा गडी दाराआड व्हायचा. गावात पोलिसांचा अमीन, म्हणजे फौजदार, आला की हा कडब्याच्या गंजीमागं. राणीसावरगावच्या बाजाराला निघाला आणि वाटेत चार अनोळखी माणसं दिसली, की हा ज्वारीत शिरून बसायचा आणि ती पार दिसेनाशी झाली की मगच अंग झाडत बाहेर यायचा. त्याची बायको गोजरबाई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणत्यात. पर तुमच्या मागं लागायची त्येला बी लाज वाटंल."

आणि तरीही गावात कुणाचं वाजलं, की पहिलं बोलावणं आश्रुबाला. निजामाच्या राज्यात कोर्ट लांब, वकील महाग आणि कागद सगळा उर्दूत. कोण जातंय तालुक्याला? त्यापेक्षा आश्रुबा बरा. हा इकडचा निरोप तिकडं न्यायचा, तिकडचा इकडं आणायचा आणि आठ-पंधरा दिवसांत भांडण थंड. लोक म्हणत, त्याच्या जिभेवर साखर आहे. साखर कसली डोंबलाची. त्याच्या जिभेवर भीती होती.

त्याचं मूळ लहानपणात सापडतं. आश्रुबाच्या बापाचं आणि चुलत्याचं बांधावरच्या आंब्यावरून भांडण झालं. चुलत्यानं कुऱ्हाडीचा दांडा घातला, बापाचं डोकं फुटलं. आईनं पोराला चुलत्याच्या घरी पाठवलं, जखमेत भरायला हळद मागायला. चुलता म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, मर म्हनावं." पोरगं वाटभर रडत आलं. घरात शिरताच बापाचं ते फडकं गुंडाळलेलं डोकं दिसलं आणि भीतीनं त्याच्या तोंडून भलतंच निघालं: "काका म्हनले, कसं हाय बघून ये." बाप भिंतीकडं तोंड करून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं भावाला बोलावून घेतलं. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले आणि मरेपर्यंत गोडीत राहिले. मधलं काय घडलं ते आश्रुबा सोडून कुणालाच कळलं नाही.

तिथून त्याला सवयच लागली. एकानं म्हणावं, "त्या हरामखोराला सांग, तंगडं मोडीन." ह्यानं तिकडं जाऊन आधी बैलांची चौकशी करायची, तंबाखूची चिमूट घ्यायची आणि मग हळूच सांगायचं, "लय कष्टी हाय बघा त्यो. म्हनला, रागाच्या भरात बोलून गेलो." ह्या कामाला आश्रुबा निरोप धुणं म्हणायचा, तेही फक्त बायकोपाशी. गोजरबाई चिडायची. म्हणायची, "अवं, एक दिस उघडं पडलं तर?" तर हा म्हणायचा, "मळकं धोतर कुनी तसंच नेऊन देतं का? धुऊनच देत्यात की." मात्र एक खबरदारी तो घ्यायचा. भांडणाऱ्या दोघांना त्या विषयावर समोरासमोर म्हणून येऊ द्यायचा नाही. "मागचं काढू नका, त्येला लाज वाटती," एवढं दोघांनाही बजावून ठेवायचा.

त्यानं धुतलेल्यांत सगळ्यात मोठं भांडण आबासाहेब पाटील आणि हुसेन मुजावर ह्यांचं. आबासाहेब गावचा पाटील, मोठा बागायतदार, आवाज असा की ओढ्यापलीकडून ऐकू यावा. हुसेन दर्ग्याचा मुजावर, उंच, हट्टी, बोलायला कमी. पीराची इनामी जमीन तो कसायचा आणि ती पाटलाच्या रानाला लागून. बांधाचा दगड सरकला. कुणी सरकवला ते देव जाणे. हुसेननं तो उपटून ओढ्यात फेकला आणि आबासाहेबानं भर विहिरीवर, बायामाणसांसमोर, हुसेनच्या मेलेल्या बापाचा उद्धार केला.

भांडण बांधाचं, पण पेटलं मोहरमवर. शेंदरवाडीत मोहरम एका घराचा नव्हता. सगळ्या गावात चोंग्यांच्या गोड रोट्या व्हायच्या, नवसाची पोरं दहा दिवस फकीर व्हायची, आणि दहाव्या दिवशी सवारी निघायची. सवारी म्हणजे उंच काठीला बांधलेला पंजा, वर रेशमी कापडं, भोवती ऊदाचा धूर. मुजावरानं ती दर्ग्यातून उचलून पाटलाच्या दारापर्यंत आणायची. पाटलिणीनं मुजावराच्या पायांवर घागर ओतायची, आणि तिथून पुढं ओढ्यापर्यंत सवारी पाटलानं हातात धरायची. वाडवडिलांपासूनची ही रीत. त्या वर्षी हुसेन म्हणाला, "त्याच्या दारात नेण्यापरीस सवारी हिरीत टाकीन." आबासाहेब म्हणाला, "हुसेन मेला तर मातीला बी जायचो न्हाई."

आश्रुबानं दोन्ही निरोप धुतले. हुसेनला सांगितलं, पाटील ढसाढसा रडले, म्हणाले जीभ घसरली, मला माफ कर म्हणावं. पाटलाला सांगितलं, मुजावर म्हणतात दगड मीच उपटला, चूक माझी, पाय धरतो पण चार लोकांत लाज वाटते. दोघंही विरघळले. माफी मागितलेल्या माणसावर कोण राग धरतो? उलट त्याच्यापुढं आपण मोठे होतो. त्यानंतर पटकीच्या साथीत पाटलीण चतुराबाई अंथरुणाला खिळली, तर हुसेन स्वतःची घोडी दामटत परभणीहून औषध घेऊन आला. दुष्काळात दर्ग्याची चूल विझली, तर पाटलाच्या घरून ज्वारीची पोती गेली, न मागता. बारा-तेरा वर्षं दोघं एकमेकांशी मोठ्या मनानं वागले, कारण दोघांनाही वाटत होतं की पहिला वाकला तो समोरचा.

आता सत्तेचाळीस सालाकडं या. बाहेर मुलखात झेंडे बदलले होते आणि आमच्याकडं निजामाचंच राज्य. रोज एक बातमी. आज काय, तर रझाकार येणार. उद्या काय, तर सरहद्दीवरून टोळ्या येणार. गावातले हिंदू दारं लवकर लावायचे आणि मुसलमानांची पाच घरं त्याहूनही लवकर लावायची. आश्रुबाचं विचारूच नका. तो आडावर पाणी शेंदतानाही मागं बघायचा. जेवणावरची त्याची वासना उडाली होती.

मोहरम तोंडावर आला. पाटलाचा पुतण्या मुंजाजी तरणा आणि तापट. तो म्हणायला लागला, औंदा सवारी आमच्या गल्लीत येऊ देणार न्हाई. तिकडं हुसेनच्या घरी तालुक्याहून पाहुणे उतरले होते. ते म्हणायला लागले, सवारीला दुसऱ्याचा हात लावू देणार नाही. आबासाहेब आणि हुसेन दोघंही गप्प होते. पण गप्प किती दिवस राहणार? सवारी अडली तर तालुक्याहून माणसं येणार. जबरीनं नेली तर मुंजाजीची पोरं काठ्या काढणार. कसंही झालं तरी रक्त सांडणार आणि मग एका रक्तावर थांबणार नाही, हे आश्रुबाला कळत होतं.

त्याच वेळी गावात व्यंकटराव आले. गंगाखेडचे वकील. खादीचा सदरा, हळू बोलणं, माणूस सोन्यासारखा. मोहरमच्या आधी गावोगाव हिंडून ते सांगत होते, की आपली जुनी भांडणं आपणच मिटवा, बाहेरच्याला निमित्त देऊ नका. त्यांनी ह्या विषयावर पुष्कळ वाचलं होतं आणि मानवतच्या बाजारात हमालांचा मोठा तंटा खरोखर मिटवलाही होता. मारुतीच्या पारावर ते बोलले. म्हणाले, "जखम झाकली की आतून पिकते. भांडणाऱ्या दोघांना समोरासमोर बसवा. मनात असेल ते बोलू द्या. मध्यस्थानं एक शब्द इकडचा तिकडं करू नये. सत्यावर उभी राहते तीच शांतता टिकते."

आश्रुबा पाराच्या कडेला बसून ऐकत होता. त्याला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. त्याला वाटलं, हा माणूस आपल्याकडंच बघून बोलायलाय. आपण जन्मभर जे केलं ते सगळं कच्चं, आतून पिकलेलं. रात्रभर तळमळला आणि सकाळी गोजरबाईला म्हणाला, "ह्या टायमाला धुवायचं न्हाई. वकीलसाहेब म्हनत्यात तसं करायचं." गोजरबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "तुमाला येड लागलंय का? त्या दोघांना समोर बसवनार तुमी?" पण भित्रा माणूस एकदा हट्टाला पेटला की शहाण्याचंही ऐकत नाही. आणि खरी गंमत अशी, की जुना बांध त्याच्या डोक्यातच नव्हता. इतकी वर्षं निरोप धुवून धुवून कोणता खरा आणि कोणता धुतलेला, हे त्याचं त्यालाच आठवेनासं झालं होतं.

चावडीवर बैठक बसली. एका बाजूला आबासाहेब, मुंजाजी आणि गाव. दुसऱ्या बाजूला हुसेन आणि त्याची माणसं. मधे व्यंकटराव, आणि त्यांच्या मागं आश्रुबा, खांबाला चिकटून. व्यंकटराव म्हणाले, "पाटील, तुम्ही मोठे. तुम्ही सुरुवात करा. मनातलं बोला."

आबासाहेबाचं मन त्या दिवशी खरोखर साफ होतं. तो म्हणाला, "हुसेनभाई, माझ्या मनात काय बी न्हाई. आपलं बांधाचं झालं तवा तुमी चूक कबूल केली, माफी मागितली, मी सोडून दिलं. आजपातूर मी त्याचा उच्चार केला का?"

हुसेननं मान वर केली. "मी माफी मागितली?"

"मागितली की. दगड मी उपटला, पाय धरतो म्हनला."

"खुदा गवाह, मी असं कधी बोललो न्हाई. माफी तुमी मागितली पाटील. रडला तुमी. तुमची अब्रू जाऊ नये म्हनून मी इतकी वर्षं तोंड मिटून बसलो."

"मी रडलो?" आबासाहेबाचा आवाज चढला. "कुनापाशी रडलो मी?"

मागची माणसं ऐकायला पुढं सरकली. मग दोघांच्याही माना एकदमच वळल्या, खांबाकडं. आश्रुबा खांबाआड सरकला. त्यानं तोंड उघडलं, पण बोबडी वळली. काही बोलायची गरजही नव्हती म्हणा. चेहऱ्यावर सगळं उमटलं होतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी देव पावला म्हटलं असतं. पण मागून सटवाजी कोळी उठला. "थांबा थांबा. मंग माझ्या भावानं जाळ्याबद्दल माफी मागितली ती बी ह्येनंच बनवली का?" दुसरा म्हणाला, "आन माझ्या सासऱ्यानं?" बघता बघता गावातलं मिटलेलं एकेक भांडण चावडीवर उठून बसलं. सख्खे शेजारी एकमेकांच्या गळपट्टीला धरायला धावले. व्यंकटराव हात जोडून "शांत व्हा, शांत व्हा" म्हणत राहिले आणि कुणी त्यांच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. आबासाहेब उठला. "मोहरमला माझ्या दाराकडं फिरकू नका," एवढं म्हणून निघाला. हुसेन म्हणाला, "येनार. वाडवडलांची वाट हाय. बघू कोन अडवतंय." दोघंही खरं बोलत होते, समोरासमोर. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं अगदी तसंच.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती घाबरगुंडी. मुंजाजीनं काठ्यांना तेल चोळायला घेतलं. हुसेनच्या पाहुण्यांनी भाले आणवले म्हणे. म्हणे, कारण बघितले कुणीच नव्हते, पण न बघितलेल्या भाल्याची धार जास्त. बायकांनी दागिने चुलीमागं पुरले. मुसलमानांच्या घरातली लेकरं रडायची तर आया त्यांची तोंडं दाबायच्या. आश्रुबा एकदा धीर करून दर्ग्याकडं गेला. जुनी खोड, "पाटील म्हनत होते" अशी सुरुवात केली. हुसेननं तिथंच थांबवलं. "आश्रुबा, तुझ्या तोंडून ह्यापुढं मला सलाम बी नको." पाटलाच्या गड्यानं तर त्याला ओट्याच्या खालूनच हाकललं.

नववा दिवस उजाडला तेव्हा आश्रुबानं गाठोडं बांधलं. गोजरबाईची बहीण मानवतला दिली होती, तिच्याकडं पळायचं ठरलं. व्यंकटराव त्याच्याच घरात होते. पाटलानं त्यांना हाकललं, हुसेननं दार उघडलं नाही, मग जाणार कुठं? बिचारा माणूस जेवत नव्हता. कोपऱ्यात गुडघ्यात मान घालून बसलेला. दार वाजलं की तेही दचकत होते. हे आश्रुबानं बघितलं आणि त्याला उगाच थोडं बरं वाटलं.

"माझ्यामुळं झालं हे," व्यंकटराव म्हणाले. "मी विचारायला हवं होतं, तुमच्या गावात भांडण मिटतं कसं ते. न विचारताच मी शिकवायला लागलो."

"आता त्येचं काय," आश्रुबा गाठोड्याची गाठ ओढत म्हणाला. "तुमी बी चला. सडकंनं न्हाई, रानातनं जाऊ."

व्यंकटरावांनी गुडघ्यातून मान वर काढली. मग चाचरत म्हणाले, "आश्रुबा, एक विचारू? त्या दोघांचा खरा राग कशावर आहे? बांधावर?"

"बांध कवाच इसरले ते."

"मग सवारीवर?"

"न्हाई. दोघांना बी सवारी पायजे. राग ह्येचा, की समोरचा वाकलाच नव्हता. आपन फुकट मोठं झालो."

"म्हणजे फसवलं गेल्याचा राग. आणि फसवलं कुणी?" असं बोलून व्यंकटरावांनी मान खाली घातली.  दुसऱ्याला कशात लोटतोय हे त्या माणसाला कळत होतं.

आश्रुबाला समजलं. समजल्याबरोबर तो परसाकडं धावला. परत आला तो पांढराफटक. म्हणाला, "मला मारतील." व्यंकटराव म्हणाले, "मारतील. मी शेजारी उभा राहीन, पण मला काही ते हात लावणार नाहीत." गोजरबाई सगळं ऐकत होती. तिनं गाठोडं सोडलं आणि त्यातलं पीठ परत डब्यात ओतलं. आश्रुबा तिच्यावर खेकसला, मग रडला, मग रात्रभर त्या दोघांचे खरे शब्द आठवत बसून राहिला.

दहाव्या दिवशी दुपार कलली आणि दर्ग्यातून ताशा वाजला. पाटलाची गल्ली अरुंद. ह्या तोंडाला मुंजाजी आणि त्याची काठीवाली पोरं. त्या तोंडातून सवारी आली. हुसेननं ती दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, मागं पाहुणे आणि त्यांच्या हातात खरोखरच भाले. पाटलाच्या घराचं दार बंद. ताशा थांबला. मुंजाजी म्हणाला, "एक पाऊल पुढं टाकलं तर बघा."

आश्रुबाचं घर त्याच गल्लीत. तो दारातून निघाला तो खरंतर ताठ उभं राहून बोलायचं ठरवून. पण दोन्हीकडची माणसं बघितली आणि ठरवलेलं तिथंच राहिलं. गल्लीच्या मधोमध, धुळीत, तो मटकन खाली बसला. व्यंकटराव त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. लोकांना आधी वाटलं, ह्याला फेफरं आलं.

"पाटील, भाईर या," आश्रुबा ओरडला. आवाज फाटला होता. "एक डाव भाईर या. मंग मला तोडा."

दार उघडलं. आबासाहेब ओट्यावर आला.

"पाटील, तुमी त्या टायमाला म्हनला होता, हुसेन मेला तर मातीला जायचो न्हाई. हुसेनभाई, तुमी म्हनला होता, पाटलाच्या दारात नेण्यापरीस सवारी हिरीत टाकीन. हे खरं. ह्येच्यात एक अक्षर धुतलेलं न्हाई." गल्लीत कुजबुज उठली. मुंजाजी पुढं सरकला. आश्रुबा डोळे गच्च मिटून बोलत राहिला, कारण उघडे ठेवले असते तर बोलणं जमलं नसतं. "माफी कुनीच मागितली न्हाई. ती मी बनवली. मला भ्या वाटत हुतं म्हनून बनवली. पर पटकीत औशद आनायला घोडी मी न्हाई पळवली. दुष्काळात ज्वारी मी न्हाई धाडली. ते तुमचं तुमी केलं. तुमचं एकमेकांशी भांडनच न्हाई, मालक. तुमचं भांडन माझ्याशी हाय. मी तुमाला फशिवलं, दोघांना बी. घ्या काय घ्यायचं ते."

आबासाहेब ओटा उतरून आला. त्यानं आश्रुबाला मानगुटीला धरून उभा केला आणि अशी एक लगावली, की आश्रुबाचं मुंडासं गटारीत पडलं. व्यंकटराव पुढं झाले. आणि तेवढ्यात हुसेनचा आवाज आला.

"पाटील, एक माझ्या वाटची बी हाना. माझे हात गुतलेत."

आबासाहेबानं वळून बघितलं. हुसेन सवारी धरून तसाच ताठ उभा होता आणि रागानं त्याचे डोळे लाल झाले होते. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरोखर हाणायचं होतं. आबासाहेबानं मान हलवली आणि हुसेनच्या वाटची दुसरी ठेवून दिली. मागं कुणीतरी हसलं. कोण ते कळलं नाही, पण मग दुसरंही कुणी हसलं. मुंजाजीच्या एका पोरानं काठी खाली टेकली.

"ह्या भडव्यानं माझ्या बहिणीच्या सासरचं बी असंच केलं असंल," आबासाहेब म्हणाला.

"माझ्या भावकीचं तर नक्की," हुसेन म्हणाला.

"किती वर्सं आपन ह्याच्या तोंडाकडं बघून..."

"तेच म्हनतो मी."

दोघं समोरासमोर उभे राहून आश्रुबाला शिव्या देत होते. एक थांबला की दुसऱ्यानं सुरू करायचं. आश्रुबा गाल धरून मधे उभा. एवढ्यात चतुराबाई घागर घेऊन दारातून आली. ती कुणाला काही विचारत बसली नाही. हुसेनच्या पायांवर पाणी ओतलं, आणि हुसेननं सवारी पुढं केली. तालुक्याचे पाहुणे काही बोलले, हुसेननं त्यांच्याकडं बघितलंही नाही. आबासाहेबानं धोतराला हात पुसून सवारी धरली. ताशा पुन्हा वाजायला लागला.

ओढ्याच्या पाण्यात पंजा धुऊन सवारी थंड करून झाली आणि संध्याकाळी दोघं पाटलाच्या ओट्यावर एकत्र बसले, आश्रुबाला शिक्षा काय द्यायची ते ठरवायला. व्यंकटरावांनी रदबदली करायचा प्रयत्न केला, तर दोघांनीही त्यांना गप्प केलं. ठरलं असं: आश्रुबानं ह्यापुढं कुणाचाही निरोप न्यायचा नाही, आणि गावात कुणी त्याच्या तोंडून निरोप धाडायचा नाही. ज्याला ज्याच्याशी बोलायचं असेल, त्यानं आपल्या पायांनी त्याच्या दारात जायचं. सटवाजी कोळ्याला हाच नियम, पाटलालाही हाच. व्यंकटराव ऐकून क्षणभर हसल्यासारखे झाले, पण गालाला हळद लावून बसलेल्या आश्रुबाकडं बघून त्यांनी तोंड आवरलं.

घरी गोजरबाईनं त्याला विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई."

"मंग रडता का? झालं की सगळं बरं."

"बरं झालं गं," आश्रुबा म्हणाला. "पर आता माझं काय काम?"

 खरंच काही काम उरलं नाही. पुढचं वर्षभर मुलखात आग लागल्यागत झालं. गावंच्या गावं ओस पडली. हुसेन कानावर येईल ते सांगायला स्वतः पाटलाच्या घरी जायचा, पाटील स्वतः दर्ग्यात जायचा. दोघंही आश्रुबाच्या दारावरून जायचे आणि दोघंही त्याच्याकडं न बघता जायचे. तो दाराच्या फटीतून बघायचा. पहिल्यासारखाच भ्यायचा. फरक एवढाच की आता कुणी त्याला बोलावत नव्हतं.

मग भादव्यात निजामाचं राज्य चार दिवसांत कोसळलं. वारं फिरलं. आता दारं लावून बसायची पाळी हुसेनची. एके सकाळी बातमी आली, की पलीकडच्या गावांतून जमाव निघालाय, हातात पलिते आहेत आणि दर्ग्याच्या वस्तीकडं येतोय. आश्रुबानं फटीतून बघितलं, तर आबासाहेब एकटाच चालला होता. पायांत वहाणाही नाहीत. दर्ग्यासमोर हुसेनच्या उंबऱ्यावर जाऊन तो बसला.

"कुनाला धाडलं न्हाई," आश्रुबा बायकोला म्हणाला. "सोता गेला."

आश्रुबा दारापाशी गेला. त्यानं दोनदा कडी काढली आणि दोनदा लावली. तिसऱ्यांदा काढली आणि भिंतीच्या कडंकडंनं दर्ग्यापर्यंत गेला. आबासाहेबाच्या मागं, येणाऱ्याला आपण दिसू नये अशा बेतानं, तो अंग चोरून बसला. आबासाहेबानं त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. थोड्या वेळानं आतून दार किलकिलं झालं, हुसेननं पाण्याचा तांब्या बाहेर सरकवला. आबासाहेब प्यायला आणि मागं न बघता त्यानं तांब्या आश्रुबाच्या हातात दिला. लांबून जमावाचा आवाज येत होता. आश्रुबाच्या हातून निम्मं पाणी सांडलं, निम्मं तो प्यायला, आणि बसून राहिला.